दात काढताना हाड कसं राखायचं?

(यवतमाळ येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे दात काढायची अवजारं. नुसतं नाव ऐकून काहींचा हात गालावर गेला असेल. पण अवजारांच्या आधी मला हाडाबद्दल बोलायचं आहे.

दात काढायला आलेला माणूस फक्त दाताचा विचार करतो. ठणका थांबला, सुटलो, म्हणून घरी जातो. काही वर्षांनी कवळी बसवायला येतो, तेव्हा कळतं की कवळी धरून ठेवणारा हिरडीचा उंचवटाच झिजून गेलाय. कवळी हलते, टोचते, भाकरी खाताना निसटते. इम्प्लांट करायचं म्हटलं तर स्क्रू रोवायला हाडाची जाडी नाही. मग आधी हाड भरा, काही महिने थांबा, खर्च वाढवा. यातलं थोडं नुकसान टळत नाही. पण थोडं असं असतं की ते दात काढला त्याच दिवशी, त्याच खुर्चीत झालेलं असतं. आपण बोलणार आहोत ते या दुसऱ्या नुकसानाबद्दल.

आधी दात हाडात कसा बसतो ते बघू. तो हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. या तंतूंनी दात खाचेत टांगून धरलेला असतो. म्हणजे दात काढणं हे खरं तर हे तंतू तोडण्याचं काम आहे. 'उपटणं' हा शब्द आपल्या तोंडी बसलाय, पण नुसतं उपटायला गेलं की घोटाळा होतो.

आपला जिल्हा कापसाचा. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटायचं काम तुमच्यातल्या अनेकांनी केलं असेल. जमिनीत ओल असली तर पऱ्हाटी मुळासकट सरळ वर येते. जमीन वाळून टणक झाली असेल तर एकतर खोड मोडतं, नाहीतर मुळासोबत मातीचं ढेकूळ येतं. दाताचंही असंच आहे. तंतू न तोडता जोर लावला तर मूळ आत मोडतं, किंवा दातासोबत हाडाचा कपचा येतो. शेतातला खड्डा नांगरटीत बुजतो. जबड्यातला तुटलेला काठ पूर्वीसारखा उभा राहत नाही.

हा कपचा बहुतेक वेळा ओठाच्या किंवा गालाच्या बाजूचा असतो. वरच्या पुढच्या दातांसमोरची हाडाची भिंत बहुतेकांमध्ये १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. नेहमीच्या पद्धतीत पकडीने दात धरून बाहेर-आत हलवतात आणि खाच रुंद करतात. जाड हाड हे सोसतं, पातळ भिंत तडकते.

थोडा इतिहास सांगतो. अठराव्या शतकात युरोपात दात काढायला 'किल्ली' वापरत. कुलपाच्या किल्लीसारखी मूठ आणि टोकाला आकडा. आकडा दातात अडकवायचा आणि किल्ली फिरवायची. दात आडवा पडून निघायचा, बरेचदा हाड घेऊनच. १८४१ साली जॉन टोम्स या इंग्लिश दंतवैद्याने प्रत्येक दाताच्या मानेला जुळेल अशा आकाराच्या पकडींची माहिती प्रसिद्ध केली. आज दवाखान्यात दिसतात त्या पकडी याच विचारातून आल्या. अवजाराने दाताच्या आकाराचं ऐकायचं, हे तिथे ठरलं. पुढची पायरी म्हणजे अवजाराने हाडाचंही ऐकायचं.

आता आजची अवजारं. पहिलं पेरिओटोम. पातळ, धारदार पातं असलेलं हातातलं साधं अवजार. मूळ आणि हाड यांच्या फटीत ते मुळाला समांतर सरकवतात आणि तंतू कापत थोडं थोडं खाली जातात. समोरची भिंत पातळ असेल तर त्या बाजूला हात न लावता शेजारच्या दातांकडच्या बाजूंनी आणि टाळूकडून काम करतात. याला वेळ लागतो. रुग्णाला वाटतं, डॉक्टर नुसते कोरत बसलेत. तो वेळ सत्कारणी लागतो.

दुसरं लक्झेटर. याचं पातं पेरिओटोमपेक्षा दणकट, पण धारदारच. फटीत घालून हलकेच डावं-उजवं करत खाली न्यायचं, म्हणजे तंतू तुटतात आणि जागा मोकळी होते. तिसरं एलिव्हेटर. ते जाड असतं आणि पहारेसारखं, म्हणजे तरफ म्हणून चालतं. लक्झेटर आणि एलिव्हेटर दिसायला भाऊ-भाऊ, पण काम वेगळं. लक्झेटरने पहारेसारखं उचकटलं तर त्याचं पातळ टोक तुटू शकतं.

दाढेची गोष्ट निराळी. तिला दोन किंवा तीन मुळं, तीही फाकलेली. अख्खी दाढ ओढली तर मधलं किंवा बाजूचं हाड तुटू शकतं. म्हणून पाणी सोडत ड्रिलने दाढेचे भाग करतात आणि एकेक मूळ त्याच्या त्याच्या वाटेने काढतात. "डॉक्टरांना दाढ निघाली नाही म्हणून तुकडे केले," असं लोक म्हणतात. बरेचदा ते तुकडे हाड वाचवायलाच केलेले असतात.

याशिवाय नवी साधनं आहेत. मुळात स्क्रू बसवून दात सरळ वर खेचणारं यंत्र एका सरळ मुळाच्या दाताला चांगलं. ध्वनीपेक्षा जास्त कंपनांवर चालणारं पिएझो यंत्र हाड बारीक कापतं आणि मऊ भागाला कमी इजा करतं. ही महाग आहेत. पण मुद्दा असा की पेरिओटोमला ना वीज लागते, ना मोठं भांडवल. ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलं की तालुक्याच्या दवाखान्यातही ते तितकंच चालतं. लागतो तो सराव आणि धीर.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कितीही हळुवार काढला तरी दात गेल्यावर हाड आकसतं. खाचेच्या आतला हाडाचा एक थर दातासाठीच असतो, दात गेला की तोही विरतो. डेन्मार्कमध्ये श्रॉप आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दाढा आणि उपदाढा काढलेल्या जागी वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने घटलेली दिसली. त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. म्हणून सुरुवातीलाच भिंत तुटली तर उरलेल्यातूनही वजाबाकी. भिंती शाबूत राहिल्या तर रक्ताची गाठ नीट धरते, आणि गरज पडल्यास खाचेत हाडाची भुकटी भरता येते.

आता आपल्या भागाचं. इथे खर्रा खाणारे पुष्कळ. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, घरी बघा. जात नसतील तर दात दुखायची वाट न बघता तपासून घ्या. मागच्या दाढेपर्यंत अवजार पोचलंच नाही, तर ते कितीही नाजूक असलं तरी काय उपयोग? आणि दात काढल्यावर निदान काही दिवस खर्रा, बिडी बंद. पहिल्या दिवशी गुळण्या नाहीत, थुंकत बसायचं नाही. गाठ निघाली की हाड उघडं पडतं आणि मग जी कळ येते, ती आधीच्या ठणक्याला मागे टाकते.

प्रश्न: हळू काढणं म्हणजे जास्त पैसे का?
उत्तर: ड्रिलने भाग करावे लागले तर थोडे जास्त लागू शकतात. पण नंतर हाड भरायचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

प्रश्न: डॉक्टरांना काय विचारावं?
उत्तर: तीन गोष्टी. दात वाचू शकतो का? त्या जागी पुढे काय बसवायचं? एक्स-रेमध्ये मुळं कशी दिसतात? आणि तुम्ही स्वतःहून सांगायचं ते म्हणजे साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली औषधं. ही शेवटची औषधं असतील तर जखम भरायलाच अडचण येऊ शकते. अवघड दाढ असेल आणि डॉक्टर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा म्हणाले, तर रागावू नका. आपल्या हातून हाड तुटू नये याची काळजी ते घेत असतात.