वसंतांतील पक्षिनिरीक्षण : आगगाडीनें व सायकलीनें

पक्षिनिरीक्षण हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. भारी दुर्बीण, मोटारगाडी आणि अरण्यांतील विश्रामगृह यांवांचून तो साधत नाहीं, असें त्यांस वाटतें. ही समजूत खरी नाहीं. परभणी जिल्ह्यांत पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यान चुडावा नांवाचें एक लहान स्टेशन आहे. तेथपर्यंतचें तिकीट, एक सायकल, एक वही व शिसपेन्सिल, एवढ्या साहित्यावर वसंतांतील एक दिवस कसा सार्थकीं लावावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

हा लोहमार्ग निजामाच्या राजवटींत, १९०० सालाच्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नांवानें तयार झाला. गाडी सकाळची असावी आणि जागा खिडकीची असावी. रुळांच्या कडेच्या तारांवर नीलकंठ, कोतवाल, वेडा राघू आणि खाटीक हे पक्षी भक्ष्याची वाट पाहत बसलेले असतात. धांवत्या गाडींतून बारकावे दिसत नाहींत. परंतु कोणत्या शिवारांत कोणता पक्षी अधिक आहे, याची तुलना मात्र उत्तम होते. बारकावे पाहण्याचें काम पुढें सायकलीवर करावें. सायकल आगगाडीच्या सामानाच्या डब्यांत रीतसर नोंदवून न्यावी, अथवा गांवांतील ओळखीच्या गृहस्थाकडून मागून घ्यावी. तिचा आवाज होत नाहीं, ती पाऊलवाटेनें जाते, आणि वाटेल तेथें थांबतां येतें. हे तीनही गुण मोटारींत नाहींत.

फाल्गुनांत पळस, पांगारा व सांवर हे वृक्ष फुलतात. त्या वेळीं त्यांवर पानें जवळजवळ नसतात. म्हणून फुलांवर बसलेला पक्षी सहज दृष्टीस पडतो. सांवरीच्या पेल्यासारख्या फुलांत मध सांचतो. तो प्यावयास शिंजीर, बुलबुल, साळुंक्या व कोतवाल येतात. पितांना त्यांच्या कपाळास पराग लागतात व ते दुसऱ्या फुलापर्यंत पोंचतात. अशा रीतीनें पाहुणचाराची परतफेड आपोआप होते.

या पंक्तींत एक परदेशी पाहुणा असतो, त्याकडे विशेष लक्ष द्यावें. तो म्हणजे भोरडी. ही साळुंकीच्या कुळांतील व तेवढ्याच आकाराची. डोकें, पंख व शेपटी काळीं. पाठ व पोट गुलाबी. भोरड्या मध्य आशियांतून पावसाळ्यांतच आपल्याकडे येऊं लागतात आणि वसंत सरतां सरतां परत जातात. त्यांचे थवे पिकलेल्या जोंधळ्यावर उतरले कीं कणसें रिकामीं होतात. म्हणून शेतकरी मचाणावर उभा राहून गोफण फिरवितो. त्याचा राग अकारण नाहीं. वर्षाचें अन्न तो राखीत असतो. परंतु हीच भोरडी टोळ व नाकतोडे यांचा फडशा पाडते. चीन देशाच्या शिंच्यांग प्रांतांत, १९८० नंतरच्या वर्षांत, टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोकांनीं या पक्ष्यांसाठीं मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून दिल्या. एका देशांत जिला हांकलतात तिलाच दुसऱ्या देशांत घर देतात! तेव्हां एखाद्या प्राण्यास शत्रु किंवा मित्र ठरविण्यापूर्वीं त्याचें वर्षभराचें वर्तन पाहिलें पाहिजे.

आतां वहीविषयीं. पक्षी दिसतांच प्रथम त्याचा आकार चिमणी, साळुंकी किंवा कावळा यांच्याशीं ताडून पाहावा. नंतर चोंच, शेपटी, चाल व आवाज पाहावा. नांव शेवटीं शोधावें. दिनांक, वेळ, ठिकाण व संख्या लिहावी. पाहिलें तेवढेंच लिहावें. सोबत्यानें सांगितलेलें आपलें म्हणून लिहूं नये.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. भोरडी प्रथम कधीं आली हें लिहिणें सोपें. शेवटची कधीं दिसली हें लिहिणें कठीण. कारण ज्या दिवशीं ती दिसते त्या दिवशीं ती शेवटची आहे हें कोणासही कळत नाहीं. पुढील आठ-दहा दिवस त्याच वाटेनें जाऊन “आज दिसली नाहीं” असें लिहीत राहावें, तेव्हांच मागील तारखेस शेवटची म्हणतां येतें. न दिसलेलेंही लिहिण्याची ही संवय म्हणजेच शास्त्राचा आरंभ होय.

हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी डॉ. सलीम अली यांनीं १९३१-३२ सालीं केली. परभणी जिल्हा त्या वेळीं त्याच संस्थानांत होता. अशा पाहणीस येणारा पंडित कांहीं दिवस राहतो व पुढें जातो. गांवचा विद्यार्थी मात्र बारा महिने तेथेंच असतो. दहा वर्षांच्या तारखा एका वहींत असल्या, तर ऋतुमान व पक्ष्यांचें येणेंजाणें बदललें कीं काय, हें त्या वहीवरून सांगतां येईल. तें काम विद्यार्थ्यावांचून दुसरें कोण करील?

दुपारीं गोदावरीकांठीं जावें, परंतु सायकल वाटेवरच ठेवावी. या दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालते, आणि नदीसुरय उघड्या पडलेल्या वाळूंत. अंड्यांचा रंग माती-वाळूशीं इतका मिळता असतो कीं, पाय पडेपर्यंत तीं दिसत नाहींत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालूं लागली, तर आल्या वाटेनें मागें फिरावें.

डोंगरावरील प्रवचनांत प्रभु येशूनें चिंतातुर श्रोत्यांचें लक्ष आकाशांतील पांखरांकडे वेधलें आहे. त्या उपदेशास अनुसरावयाचें, तर पांखरांकडे खरोखर पाहिलें पाहिजे. परीक्षा संपतांच एक रविवार सोडून दुसरा कोणताही दिवस निवडा, भाकरी व पाण्याची बाटली बरोबर घ्या, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत येतांना वहीचीं पानें पुन्हां वाचून पाहा.