विचित्र बाटल्या, चमचाभर घोट

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर, थोडा नीटनेटका करून.

आजचा विषय म्हणजे 'ती' बाटली. कुणीतरी ड्यूटी फ्रीमधून आणतं, सगळे एकदा चाखून तोंड वाकडं करतात आणि मग ती दोन वर्षं कपाटावर धूळ खात बसते. हिरवीगार, कडूजहर किंवा खोकल्याच्या औषधासारखी लागणारी.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाटलीत बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. आपण ती पेगमध्ये ओततो, तिथे गडबड होते. हिंगाची डबी उघडून कुणी चमचाभर हिंग तोंडात टाकतं का? पण तोच हिंग फोडणीत चिमूटभर पडला की आमटीला आमटीपण येतं. या बाटल्याही मसाल्याच्या डब्यातल्या आहेत.

आधी शब्द नीट करून घेऊ. दुकानाच्या पाटीवर असतं ते 'लिकर', म्हणजे कुठलीही दारू. मी बोलतोय ते 'लिक्युअर'बद्दल. कडक दारू, त्यात साखर, आणि त्यात फळं, मुळं, साली, बिया यांचा अर्क. युरोपियन युनियनच्या नियमात सर्वसाधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर आणि किमान १५ टक्के अल्कोहोल असेल तरच त्याला लिक्युअर म्हणता येतं. वरची मर्यादा मात्र बरीच लांब आहे. फ्रान्समधल्या कार्थुसियन मठाची हिरवी शार्त्रूज १३० वनस्पतींपासून बनते आणि ती ५५ टक्के असते. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की ४२.८ टक्के. म्हणजे गोड लागणारी बाटली व्हिस्कीपेक्षा कडक असू शकते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे हिशेब करायचाय.

आता कडू बाटल्या. कॅम्पारी १८६० पासून आहे, मिलानची फर्नेट ब्रँका १८४५ पासून. फ्रान्सची सूझ तर जेन्शन नावाच्या डोंगरी झाडाच्या मुळापासून बनते. गंमत अशी की आपलं काडेचिराईत याच जेन्शनच्या कुळातलं. लहानपणी ताप आला की आजीने नाक दाबून पाजलेला काढा आठवा. सूझचा पहिला घोट घेतल्यावर आमच्यातला एक जण 'अरे, हे तर आजीचं!' असंच म्हणाला होता.

कडू चव नकोशी का वाटते? कारण निसर्गात पुष्कळ विषारी गोष्टी कडू असतात आणि जीभ त्याचा अलार्म वाजवते. पण हा अलार्म शिकवता येतो. कारलं, मेथी, बिनसाखरेची कॉफी, सगळं आपण थोडं थोडं करतच शिकलो. दुसरा उपाय म्हणजे त्या कडूला सोबत द्यायची. साखर, आंबट आणि मीठ ही तिन्ही कडूची धार कमी करतात. अर्जेंटिनात फर्नेट चक्क कोलामध्ये घालून पितात आणि ते तिथलं अगदी घराघरातलं पेय आहे. विचित्र वाटतं, पण कोलात भरपूर साखर आहे, आंबटपणा आहे, बुडबुडे आहेत. लॉजिक बरोबर बसतं!

तर आमची पद्धत सांगतो. आम्ही सहा जण. दर दोन-तीन महिन्यांनी वर्गणी काढून एक बाटली, जास्तीत जास्त दोन. मापाला औषधाच्या बाटलीचं झाकण, ५ मिलीची खूण असलेलं. मग डीबगिंगचा साधा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्यांदा फक्त वास. प्रत्येकाने काय आठवलं ते कागदावर लिहायचं, दुसऱ्याचं न बघता. मग ५ मिली तशीच. मग ५ मिलीत तेवढंच पाणी, कारण पाण्याने अल्कोहोलचा चटका कमी होतो आणि दबलेले वास वर येतात. मग सोडा. मग लिंबाचे चार थेंब. मग मिठाचा कण. प्रत्येक वेळी काय बदललं ते बोलायचं. सगळ्या फेऱ्या मिळून माणशी २५ मिली होते, एका स्मॉल पेगपेक्षाही कमी, आणि त्यात तासभर सहज जातो. दोन बाटल्या असतील तर जास्त कडू बाटली शेवटी ठेवा. फर्नेटनंतर जिभेला दुसरं काही कळत नाही.

पाण्याच्या फेरीत एक भारी प्रयोग होतो. ग्रीसचा ऊझो किंवा फ्रान्सचं पास्तीस यांची चव बडीशेपेसारखी, कारण ॲनेथॉल नावाचं सुगंधी तेल दोन्हीत असतं. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. त्यामुळे पारदर्शक ऊझोत पाणी घातलं की ते तेल बारीक थेंबांच्या रूपात बाहेर येतं आणि ग्लास दुधासारखा पांढरा होतो.

हा प्रयोग आमच्याकडे जो मित्र करतो, तो स्वतः पीत नाही. त्याच्या घरात दारूने काय केलंय ते त्याने लहानपणापासून पाहिलंय. पेगवर पेग चालायचे तेव्हा दहानंतर त्याच्याशी धड बोलायला कुणी उरत नसे, आणि हळूहळू त्याचं येणंच कमी झालं. चमचाभर घोटांची पद्धत सुरू झाल्यावर तो परत यायला लागला. वासाची फेरी तोच घेतो, आणि सगळ्यात तिखट नाक त्याचं. बडीशेप, ओवा, संत्र्याची साल, सगळं आमच्या आधी ओळखतो. तो स्वतःहून यात आला म्हणून हे चालतं. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला मात्र 'नुसता वास तर घे' असं कधीही म्हणू नका.

त्याच्यासाठी वेगळा ग्लास असतो: दोन चमचे कोकमाचं आगळ, बर्फ, वरून टॉनिक वॉटर. टॉनिकमधल्या क्विनाइनचा कडूपणा, आगळाचं आंबट आणि मीठ. वर सांगितलेलं सगळं गणित यात आहे, फक्त दारू नाही. खरं सांगू? अर्ध्या वेळेला आम्ही पाचही जण दुसरा ग्लास त्याचाच मागतो.

शेवटी एक कॉकटेल, तेही वाटून. इथे तो हिशेब. 'लास्ट वर्ड' हे डेट्रॉइटमधलं शंभर वर्षांपूर्वीचं कॉकटेल. जिन, हिरवी शार्त्रूज, माराश्चिनो नावाची चेरीची लिक्युअर आणि लिंबाचा रस, चारही समान, समजा प्रत्येकी २२.५ मिली. जिन ४२.८ टक्के आणि माराश्चिनो ३२ टक्के धरली तर शुद्ध अल्कोहोल होतं साधारण २९ मिली. त्याला ०.७९ ने गुणा, म्हणजे २३ ग्रॅम. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे त्या नाजूक, आंबटगोड ग्लासात सव्वादोन पेग बसलेत आणि जिभेला पत्ताही नाही! 'ट्रिनिडाड सावर'चंही तसंच. जे अँगोस्टुरा बिटर्स एरवी थेंबाने घालतात, ते त्यात ४५ मिली असतं. आणि ते ४४.७ टक्के आहे. म्हणून एक ग्लास, सहा चमचे.

हे सगळं परदेशीच आहे असं नाही बरं का. गोव्यात फेणीत दुक्षिरीची, म्हणजे आपल्या अनंतमुळाची, मुळं भिजवतात. साखर नसल्याने नियमानुसार ती लिक्युअर नाही, पण मुळाचा सुगंध दारूत उतरवायची कल्पना तीच. काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पहिल्यांदा फेणी हुंगणाऱ्याचा चेहरा आणि पहिल्यांदा फर्नेट हुंगणाऱ्याचा चेहरा, दोन्ही अगदी सारखेच असतात. गोव्यातून बाटली गाडीत टाकून आणायचा मोह मात्र आवरा. महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो. इथे कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे, तीही पाळा.

आणि गाडी. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण चमचे मोजून ती गाठायचा खेळ करायचा नाही. चाखणाऱ्याने चावी हातात घ्यायची नाही, विषय संपला. औषधं चालू असतील तर त्या दिवशी आगळ-टॉनिक. आणि कुणी 'मला नको' म्हणालं तर 'का?' विचारायचं नाही.

तर कपाटावरची ती बाटली या शनिवारी खाली काढा, धूळ पुसा, औषधाचं झाकण शोधा. पहिल्या वासाला तुम्हाला काय आठवलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!