उशिरा आलेली लिझ स्मिथ

ब्रिटिश टेलिव्हिजनवर सासू आणि आजीच्या भूमिकांना तोटा कधीच नव्हता. विनोदी मालिका म्हटली की एखादी खवचट सासू, एखादी बहिरी मावशी, एखादी विसरभोळी आजी ठरलेलीच. तिनं यायचं, दोन तिरकस वाक्यं टाकायची, प्रेक्षकांत खसखस पिकली की निघून जायचं. लिझ स्मिथनं जवळपास चाळीस वर्षं याच प्रकारची कामं केली, आणि तिच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींसारख्या झाल्या नाहीत. २०१६ मध्ये ती गेल्यावर ‘सगळ्या देशाची लाडकी आजी’ असं तिचं कौतुक झालं. मला ते तितकंसं पटत नाही. तिच्या आज्या लाडक्या होण्यासाठी धडपडत नाहीत. त्या हावरट असतात, आपमतलबी असतात, वेळ पडली तर निर्दयही होतात. आपण हसतो ते त्यामुळेच.

मूळ नाव बेटी ग्लीडल. जन्म ११ डिसेंबर १९२१ चा, इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या स्कनथॉर्प या पोलादाच्या गावातला. ती दोन वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मुलीशी संबंध तोडले. आजीनं वाढवलं, आजोबांनी सिनेमाची गोडी लावली. दुसऱ्या महायुद्धात ती नौदलाच्या महिला दलात होती. युद्ध संपताना लग्न, मग दोन मुलं, मग घटस्फोट. त्यानंतरची वर्षं लंडनमध्ये दोन मुलांना एकटीनं वाढवण्यात गेली. दिवसा मिळेल ती नोकरी आणि संध्याकाळी अभिनयाचे वर्ग. चार्ल्स मारोविट्झ नावाच्या अमेरिकी दिग्दर्शकाच्या हाताखाली ती उत्स्फूर्त अभिनय शिकली. संहिता नाही, ठरलेले संवाद नाहीत. माणूस पकडायचा आणि तो काय बोलेल ते बोलायचं. त्या काळात या शिक्षणाला बाजारभाव काहीच नव्हता. उन्हाळ्यात बटलिन्सच्या सुट्टीछावण्यांमध्ये करमणुकीची कामं मिळत, एवढंच.

पन्नाशी वर्षभरावर आली तेव्हा ती लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर, हॅमलीज या खेळण्यांच्या प्रसिद्ध दुकानात, नाताळच्या गर्दीत खेळणी विकत होती. तिथं तिला एक निरोप आला. माईक ली नावाच्या एका नवख्या दिग्दर्शकाला उत्स्फूर्त अभिनय येणारी मध्यमवयीन बाई हवी होती. लीची पद्धतच तशी होती, हातात संहिता न घेता नटांबरोबर महिनोन् महिने पात्रं घडवायची. लंडनमध्ये त्या वयाच्या प्रशिक्षित नट्या पुष्कळ होत्या, पण कागदाशिवाय उभं राहायची तयारी किती जणींची असेल? १९७१ च्या ‘ब्लीक मोमेंट्स’मध्ये तिला एका पात्राच्या आईचं छोटं काम मिळालं.

खरी ओळख पटते ती दोन वर्षांनी, ‘हार्ड लेबर’मध्ये. बीबीसीच्या ‘प्ले फॉर टुडे’ या मालिकेतलं हे नाटक मार्च १९७३ मध्ये प्रसारित झालं. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमधल्या मिसेस थॉर्नली ही त्यातली मध्यवर्ती व्यक्तिरेखा. दिवसभर लोकांची घरं पुसायची, घरी आल्यावर नवऱ्याची बडबड ऐकायची, त्याचे दुखरे खांदे चोळायचे. बाई जवळजवळ बोलतच नाही. चर्चमध्ये कबुली द्यायला जाते तेव्हा पाप कोणतं सांगते, तर आपलं माणसांवर पुरेसं प्रेम नाही. लिझनं हे इतक्या सपाट आवाजात म्हटलंय की अश्रू ढाळायलाही जागा उरत नाही. (याच नाटकात एका टॅक्सीवाल्याच्या भूमिकेत एक तरुण नट दिसतो. नऊ वर्षांनी तो आपल्याकडे घराघरांत पोचला, ‘गांधी’ म्हणून. बेन किंग्जली.)

या नाटकानंतर लिझला मोठ्या, गंभीर भूमिका मिळायला हव्या होत्या. मिळाल्या त्या विनोदी मालिका. पन्नाशीतली, कामगारवर्गीय चेहऱ्याची, उत्तर इंग्लंडच्या बोलीची बाई दिसली की टेलिव्हिजनला तिच्यात फक्त विनोद दिसे. याबद्दल मला थोडा राग आहे. पण मिसेस थॉर्नलीचा तो मख्ख चेहरा तिनं विनोदातही नेला, आणि त्यातून तिची स्वतःची तऱ्हा तयार झाली: पात्राला आपण हास्यास्पद आहोत याचा पत्ताच नसतो.

‘आय डिडन्ट नो यू केअर्ड’ ही पीटर टिनिसवुडची मालिका १९७५ मध्ये सुरू झाली. त्यातल्या मिसेस ब्रँडनमुळे लिझ प्रेक्षकांना नावानं माहीत झाली. १९८४ चा ‘अ प्रायव्हेट फंक्शन’ हा ॲलन बेनेटनं लिहिलेला चित्रपट. १९४७ चं यॉर्कशायर, मांसावर रेशन, आणि एका शाही लग्नाच्या मेजवानीसाठी गावातल्या प्रतिष्ठितांनी चोरून पोसलेलं डुक्कर. मॅगी स्मिथच्या वृद्ध आईचं काम लिझनं केलं. प्रत्यक्षात दोघींत जेमतेम तेरा वर्षांचं अंतर. दोघींनाही बाफ्टा मिळाला, लिझला सहायक अभिनेत्रीचा.

नव्वदच्या दशकात ‘टू पॉइंट फोर चिल्ड्रन’मध्ये तिनं आई आणि मावशी अशा दोन बहिणी एकटीनं केल्या. मग ‘द व्हिकर ऑफ डिब्ली’तल्या मिसेस क्रॉप्ली आल्या. गावाला आपले अघोरी पदार्थ प्रेमानं खाऊ घालणारी ही बाई मला मजेदार वाटते, पण एकाच विनोदावर उभी. १९९६ च्या ईस्टर विशेष भागात तिला मारून टाकलं, तेही बरंच झालं.

कारण दोन वर्षांनी आली ‘द रॉइल फॅमिली’. कॅरोलाइन आहर्न आणि क्रेग कॅश यांची ही मालिका म्हणजे मँचेस्टरच्या एका बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेलं कुटुंब. घटना जवळपास नाहीत. एकाच कॅमेऱ्यानं चित्रण, मागे हशाची ध्वनिफीत नाही. हशा नसला की नटाला लपायला जागा राहत नाही. वाक्य पडल्यावर जी शांतता येते ती पेलावी लागते. लिझ हे सॅलफर्डच्या स्वयंपाकघरात कधीच शिकली होती. तिची नॅना, म्हणजे नॉर्मा स्पीकमन, येते तीच दुखण्यांची यादी घेऊन. खाण्यापिण्यावर तिचं बारीक लक्ष, आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही याचं दुःख कायम हाताशी. जावई जिम तिला पाहताच वैतागतो. ती ते ऐकते, किंवा सोयीनुसार ऐकत नाही. मालिका सुरू झाली तेव्हा लिझ ७६ वर्षांची होती.

२००० नंतर मालिका थांबली आणि २००६ च्या ऑक्टोबरमध्ये एका भागासाठी परतली, ‘द क्वीन ऑफ शीबा’. नॅना अंथरुणाला खिळलेली आहे आणि लेक बार्बरा तिचे केस नीट करून देते. आई-लेकीत फार काही बोलणं होत नाही. बार्बरा झालेल्या सू जॉन्स्टनचे हात आणि लिझचा चेहरा, बस्स. आयुष्यभर सासूला शिव्या घालणारा जिम शेवटी रडतो, तेव्हा नॅना त्या घरात किती जागा व्यापून होती ते कळतं. या भागाला विनोदी मालिकेचा बाफ्टा मिळाला आणि लिझला ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड.

‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ या चित्रपटात एकाच पलंगावर पडून असलेल्या चार आजी-आजोबांपैकी एक तीच आहे, हे आपल्याकडच्या मुलांनी पाहिलंय, नाव मात्र माहीत नसेल. २००६ मध्ये ‘अवर बेटी’ हे आत्मचरित्र आलं. २००९ मध्ये एमबीई हा सन्मान मिळाला आणि पक्षाघाताच्या झटक्यांनंतर त्याच वर्षी तिनं काम थांबवलं.

२४ डिसेंबर २०१६ ला, ९५ व्या वर्षी ती गेली. नॅनाचे संवाद लिहिणारी कॅरोलाइन आहर्न त्याच वर्षी जुलैमध्ये, ५२ व्या वर्षी गेली होती. त्या वयात माईक लीच्या दोन कामांपलीकडे लिझचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.