निसर्ग पर्यटन संस्थेचे कार्यालय : काटकसर आणि पर्यावरण रक्षण

राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. शेतीला जोडधंदा म्हणून अनेक गावांत शेतकरी एकत्र येऊन कृषी व निसर्ग पर्यटनाच्या संस्था चालवीत आहेत. शहरातला पाहुणा आपल्याकडे येतो तो स्वच्छ हवा, पाखरे आणि हिरवे रान पाहण्यासाठी. पण गावात आल्यावर त्याला प्रथम दिसते ते संस्थेचे कार्यालय. त्याच्या मागे प्लॅस्टिक जळत असेल, तर दारावरील ‘निसर्ग जपा’ या पाटीला काय अर्थ राहील? शिवाय वीज, कागद व पाणी यांवरील खर्च शेवटी सभासदांच्याच उत्पन्नातून जातो. म्हणून पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

कागद : पत्रके व दरपत्रके गरजेपुरतीच छापावीत. पाठकोरे कागद बांधून कच्च्या नोंदींसाठी वही करावी. साधा रद्दी कागद बारीक फाडून, ओला करून गांडूळखताच्या वाफ्यात तळाला घालता येतो. गुळगुळीत रंगीत कागद व यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत पावत्या मात्र त्यात घालू नयेत.

वीज : ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लावल्यास महिन्याला ९ युनिट लागतात. तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. असे पाच दिवे बदलल्यास महिन्याला सुमारे ३८ युनिटची बचत होते. अंगणातील दिवे झाकण असलेले व खाली प्रकाश टाकणारे असावेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळाससारख्या, जेथे समुद्री कासवे अंडी घालतात, त्या गावांत हे फार महत्त्वाचे आहे. अंड्यांतून निघालेली पिल्ले समुद्राकडील उजेडाच्या रोखाने पाण्याकडे जातात. किनाऱ्यावरचे दिवे त्यांची दिशाभूल करतात.

पाणी : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटर छपरावर ८०० मिलिमीटर पावसाचे ४० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ३२ हजार लिटर उरते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे. नंतरचे पाणी गाळून टाकीत साठवावे किंवा विहिरीत सोडावे. हात धुण्याचे सांडपाणी केळी, कर्दळ व अळू यांना द्यावे.

कचरा : ओला व सुका कचरा उगमापाशीच वेगळा ठेवावा. भाजीपाल्याचा कचरा १५ ते २० दिवस अर्धवट कुजवून मगच गांडुळांना द्यावा. तेलकट व खारट अन्न देऊ नये. वाफा सावलीत व ओलसर ठेवावा. प्लॅस्टिक कधीही जाळू नये, त्यातून विषारी वायू निघतात. जुने सेल, दिवे व संगणकाचे भाग वेगळ्या खोक्यात साठवून अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावेत.

खरेदी : १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ तसेच १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांवर देशभर बंदी आहे. त्याऐवजी स्टीलची भांडी, पत्रावळी आणि रंगवलेल्या लाकडी पाट्या वापराव्यात. पाण्याच्या बाटल्या विकत आणण्यापेक्षा शुद्ध केलेले पाणी तोटीच्या माठात ठेवावे. पत्रावळी व माठ गावातील कारागिरांकडून घेतल्यास पैसा गावातच राहतो.

नोंदवही : दर महिन्याच्या १ तारखेला विजेचे युनिट, कागदाची रिमे, विकत आणलेल्या बाटल्या आणि सुक्या कचऱ्याची पोती यांची नोंद करावी. हंगामात पाहुणे वाढतात, म्हणून वापराला पाहुण्यांच्या संख्येने भागावे. समजा, एका महिन्यात ६० पाहुण्यांमागे ९० युनिट लागले, म्हणजे माणशी दीड युनिट. पुढील महिन्यात १२० पाहुण्यांमागे १२० युनिट लागले, तर माणशी एकच युनिट पडले. बिल वाढले, तरी प्रत्यक्षात बचतच झाली. हे आकडे मासिक सभेत वाचावेत आणि दर्शनी भागात लिहावेत.

शेतकरी बंधु-भगिनींनो, यासाठी मोठे भांडवल लागत नाही. येत्या सभेत एका सभासदाकडे नोंदवहीची जबाबदारी सोपवा आणि दिवे बदलण्यापासून सुरुवात करा. पाहुणा येतो तो आपल्या रानामुळे आणि पाण्यामुळे. तेच बिघडले तर हा जोडधंदा टिकणार नाही, हे ध्यानात ठेवावे.