पदार्थांचे बल
बाह्य प्रेरणेला विरोध करून न तुटता टिकून राहण्याची पदार्थाची क्षमता. एकक क्षेत्रफळावरील प्रेरणेस प्रतिबल व मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या बदलास विकृती म्हणतात. विशिष्ट मर्यादेपर्यंत ही दोन्ही समप्रमाणात असतात (हूक यांचा नियम). यंत्राचा दांडा असो वा धरणाची भिंत, अभिकल्पात प्रतिबल या मर्यादेच्या बरेच आत ठेवतात.

प्रेरणेच्या प्रकारानुसार बल बदलते. मृदू पोलाद ताण व दाब जवळजवळ सारखेच सहन करते; बीड व काँक्रीट दाबास सक्षम, पण ताणास दुर्बल असतात. काँक्रीटचे ताणबल दाबबलाच्या सु. एक दशांश असते. कोयना धरणात याचा प्रत्यय आला. १०३ मी. उंचीचे हे धरण पाण्याचा रेटा स्वतःच्या वजनाने पेलते. त्यामुळे एरवी भिंतीत मुख्यतः दाबच असतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात भिंत मागेपुढे हेलावली व नमनामुळे तीत ताण निर्माण झाला. धरणाच्या मागील बाजूचा उतार माथ्यापासून सु. ३६ मी. खाली एकाएकी बदलतो. तेथेच प्रतिबल एकवटले व काही खंडांना आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र उभे राहिले. पुढे पोलादी तारांचा ताण व मागून काँक्रीटचा आधार देऊन ते बळकट करण्यात आले.

यंत्रभागांतही आकारातील असा बदल घातक ठरतो. म्हणून दांड्याचा व्यास जेथे बदलतो, तेथील कोपऱ्यास गोलाई देतात.