देवमासा पाहायला जाणाऱ्या बोटींमुळेच देवमासा धोक्यात येतो का?

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळ मिरिसा नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात इथल्या बंदरातून सकाळीच पर्यटकांनी भरलेल्या बोटी निघतात. त्यांना पाहायचा असतो निळा देवमासा, म्हणजे पृथ्वीवर आजवर झालेला सर्वांत मोठा प्राणी. तो जिवंत राहावा यातच आता गावाचा फायदा आहे. तरीही त्याच्यावरचं संकट टळलेलं नाही आणि त्यात पर्यटनाचाही हात आहे.

निळा देवमासा इथेच का दिसतो?

जगातले बरेचसे निळे देवमासे खाण्यासाठी थंड समुद्रात जातात आणि पिल्लांना जन्म देण्यासाठी उबदार पाण्याकडे येतात. हिंदी महासागराच्या उत्तर भागातले देवमासे मात्र वर्षभर उष्ण कटिबंधातच राहतात. हे थोडे लहान चणीचे असले, तरी एसटीच्या दोन गाड्या मागेपुढे उभ्या केल्यावर होईल साधारण तेवढी त्यांची लांबी भरते.

मिरिसाजवळ किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अगदी अरुंद आहे. थोडं आत गेलं की समुद्र एकदम खोल होतो. अशा ठिकाणी देवमाशांना बारीक कोळंबीसारखं खाद्य मिळतं. त्यामुळे ते किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतात.

शिकारीकडून पर्यटनाकडे

१९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी हिंदी महासागराच्या या भागात हजाराहून अधिक निळे देवमासे बेकायदा मारले. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पुढे १९८६ पासून जगभरात व्यापारी शिकारीवर बंदी लागू झाली.

त्याच दशकाच्या सुरुवातीला ‘ट्यूलिप’ नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीवरून संशोधकांनी श्रीलंकेजवळच्या देवमाशांचा अभ्यास केला होता. पण यादवी युद्ध पेटलं आणि काम थांबलं. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर पर्यटक वाढले आणि मिरिसातल्या अनेकांना मासेमारीच्या जोडीला नवा रोजगार मिळाला.

बोट जवळ गेली तर काय बिघडतं?

देवमासा हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे. त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. तो काही वेळ पृष्ठभागावर थांबतो, अनेकदा श्वास घेतो आणि मग खाद्यासाठी खोल बुडी मारतो. या विश्रांतीच्या वेळी चारी बाजूंनी बोटी धावून आल्या, तर तो श्वास पुरा होण्याआधीच खाली जातो. म्हणजे खाणं कमी आणि धावपळ जास्त.

श्रीलंकेत २०१२ पासून यासाठी नियम आहेत. बोटीने देवमाशापासून किमान १०० मीटर दूर राहावं, असं ते सांगतात. पण प्रवाशांना ‘अगदी जवळून’ दाखवण्याची चढाओढ लागली की नियम कागदावर राहतो.

मग जहाजांचा संबंध काय?

मिरिसाच्या पूर्वेला दोंद्रा हे श्रीलंकेचं सर्वांत दक्षिणेकडचं टोक आहे. सुवेझ कालवा आणि आखाती देशांकडून पूर्व आशियाकडे जाणारा जगातला एक अतिशय वर्दळीचा जहाजमार्ग त्याला वळसा घालून जातो. जहाजाची धडक हे या देवमाशांवरचं सर्वांत मोठं संकट आहे. समोरून जहाज आलं तरी निळा देवमासा झटकन बाजूला होत नाही. फार तर संथपणे खाली जातो.

इथे दोन्ही संकटं एकमेकांत गुंततात. किनाऱ्याजवळच्या पर्यटक बोटींच्या त्रासाने देवमासे आणखी आत, म्हणजे थेट जहाजांच्या वाटेवर सरकत असावेत, अशी अभ्यासकांना शंका आहे.

उपाय आहे का?

आहे, आणि तो फार अवघडही नाही. जहाजमार्ग सुमारे १५ सागरी मैल, म्हणजे जवळपास २८ किलोमीटर दक्षिणेला सरकवला, तर धडकेचा धोका ९५ टक्क्यांनी घटेल, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. २०२२ मध्ये ‘एमएससी’ या मोठ्या जहाज कंपनीने स्वतःहून आपली जहाजं दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. अधिकृत मार्ग बदलायचा तर तो निर्णय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत होतो आणि त्यासाठी सरकारला प्रस्ताव मांडावा लागतो.

बोटींचा प्रश्न मात्र किनाऱ्यावरच सुटू शकतो. अंतर राखणाऱ्या, इंजिन मंद ठेवणाऱ्या आणि देवमाशाची वाट न अडवणाऱ्या बोटवाल्याला पर्यटकांनी पसंती दिली, तर बाकीचेही तेच करतील.

हे आपल्यालाही लागू पडतं. तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी सगळ्यांना माहीत आहेत. तिथले कुबड असलेले डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतात आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. ‘अजून जवळ घ्या’ असं नावाड्याला सांगणारा बहुतेक वेळा पर्यटकच असतो. ‘इथूनच बघू, इंजिन बंद करा’ असंही त्यालाच सांगता येतं.