पायातले जास्तीचे हाड

गुरुजी, तुमच्या वर्गात बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी असेल. वाडीवरून चालत शाळेला येते. अलीकडे ती लंगडत येऊ लागली आहे. पाहावे तो पायाच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या जरा पुढे नि खाली, हाडाचा एक उंचवटा दिसतो. चपलेचा पट्टा घासून तो लाल झालेला असतो. घरची मंडळी म्हणतात, "हाड सरकलंय, दुसरं काय?" मग तिला हाडवैद्याकडे नेतात. तो अंगठ्याने दाबून हाड बसवू पाहतो. पोर किंचाळते, पण हाड काही बसत नाही. बसणार कसे? ते सरकलेलेच नसते मुळी!

माणसाच्या एका पावलात 26 हाडे असतात, असे आपण मुलांना शिकवतो. ते बरोबरच आहे. पण कित्येकांच्या पावलात एखादे छोटे हाड जास्तीचे असते. मूल लहान असताना त्याची हाडे कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी लवचिक असतात. ती हळूहळू घट्ट होतात. काही हाडे दोन ठिकाणांहून घट्ट होत येतात आणि मग एकजीव होतात. दोन टोकांकडून खणत आणलेला पाट मध्ये थोडासा जोडायचा राहून जावा, तसे इथे झाले की तुकडा वेगळा राहतो. हा रोग नव्हे, नि कुणाचा दोषही नव्हे. पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या त्या मुलीचे हाड म्हणजे नौकास्थीजवळचा तुकडा. साधारण दहा माणसांत एकाला तो असतो. पोटरीतून एक बळकट दोरी घोट्याच्या आतून खाली येते आणि नौकास्थीला धरून तळपायाची कमान तोलते. तुकडा वेगळा असला की या दोरीचा बराच भाग त्यालाच चिकटलेला असतो. दर पावलागणिक तो ओढला जातो आणि मधली कूर्चा दुखावते. वाढीच्या वयात, आणि मुलींत अधिक, हे दुखणे डोके वर काढते. उपाय साधे आहेत. काही आठवडे धावणे-उड्या बंद, उंचवट्याला न घासणारी मऊ चपल, कमानीखाली आधार. फारच दुखले तर डॉक्टर काही दिवस प्लास्टर घालतात. शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते. तोवर कवायतीच्या तासाला तिला बसू द्या; ती ढोंग करीत नाही.

दुसरा असा तुकडा घोट्याच्या मागे, टाचेच्या जाड शिरेच्या पुढे असतो. चवड्यावर उभे राहताना किंवा फुटबॉलला लाथ मारताना तो चिमटतो. नाचणाऱ्यांना आणि फुटबॉल खेळणाऱ्यांना याचा त्रास विशेष.

खरा घोटाळा होतो तो पाय मुरगळल्यावर. क्ष-किरण फोटोत सुटा तुकडा दिसतो आणि हाड मोडले असे वाटते. ओढ्यातला गोटा आणि नुकती फोडलेली खडी यांत जो फरक, तोच इथे. जास्तीच्या हाडाची कड गुळगुळीत, गोलसर असते. मोडलेल्याची खडबडीत, टोकदार. करंगळीच्या मागे, पायाच्या बाहेरच्या कडेला मुलांच्या हाडात वाढीची एक रेघ दिसते. ती हाडाच्या लांबीला धरून जाते. मोड बहुधा आडवा जातो. दुसऱ्या पायाचा फोटोही उपयोगी पडतो, मात्र जास्तीचे हाड दोन्ही पायांत असतेच असे नाही. ही चूक स्वस्तातली नव्हे. ऐन पेरणीत शेतमजुराला विनाकारण प्लास्टर बसले तर घरची चूलच अडते. उलट, खरोखर मोडलेल्या हाडाला 'जास्तीचे' म्हणून सोडून दिले, तर पाय कायमचा दुखरा होऊ शकतो.

म्हणून मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा नेमक्या हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर आधी फोटो काढून घ्या, चोळणे नको. ताप, रात्री झोपमोड करणारे दुखणे किंवा वाढती सूज असेल, तर दवाखाना लगेच गाठा.

आणि हो, जास्तीचे हाड निघाले तर तो फोटो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. पुढे कधी पाय मुरगळला, तर तुकडा जुना की मोड नवा, हे त्यावरून नव्या डॉक्टरला चटकन कळेल.